टेकडीशेजारी गॅसचं ड्रिलिंग आलं तर लोकांचा विरोध टिकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, तुमच्या सोसायटीसमोर, गॅसवाल्यांनी ड्रिलिंगचं मशीन लावलंय. अमेरिकेत एका शहरातल्या राखीव माळरानाशेजारी गॅसच्या विहिरी खोदायला निघाले आणि लोकांनी विरोध केला, असं तुमच्या वाचनात आलं. तर इथे तसं होऊ शकतं का, आणि अशा विरोधाचा काही उपयोग होतो का?

मशीनचं आधी सांगते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. ते आडवं ड्रिलिंग आहे. सगळा रस्ता उकरावा लागू नये म्हणून मीटर-दीड मीटर खालून तिरका रॉड घालतात, पलीकडच्या खड्ड्यात बाहेर काढतात आणि परत ओढताना त्याच्या मागून पिवळा पाइप आणतात. खड्ड्यातला तो राखाडी चिखल म्हणजे बेंटोनाइट, भोक ढासळू नये म्हणून घातलेली माती. पाइपातला गॅस बाहेरून येऊन तुमच्या-माझ्या ओट्यावर जळणारा. विरोध करायचाच असेल तर काम झाल्यावर खड्डे नीट बुजवले का, एवढ्यापुरता करा. त्यातही यश येईलच असं नाही.

पुण्याखाली गॅस निघायची शक्यता मी धरतच नाही. बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला, तेव्हा एवढं अंगावर घेते. गॅस तयार व्हायला गाळ लागतो: समुद्राच्या किंवा तळ्याच्या बुडाशी साचलेला, मेलेल्या जीवांनी भरलेला, पुढे कोट्यवधी वर्षं दाबला आणि तापवला गेलेला. आपल्या पायाखाली आहे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, गोठून झालेला बेसाल्ट. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी त्या भागात खोल भोकं पाडली, त्यातलं गोठणे गावचं तर 3 किलोमीटरचं. सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला, मधे गाळाचा थर नाहीच. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या भोकात 338 मीटर बेसाल्ट आणि त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळ. महाराष्ट्राचा गॅस आहे तो समुद्रात, 1974 मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायमध्ये. टेकडीच्या उतारावर बोअर घेतलीत तर नशिबात असल्यास पाणी लागेल. पाणाड्याच्या तळहातावर नारळ कितीही ताठ उभा राहिला तरी गॅस लागायचा नाही.

आता विरोधाचं. हा भाग मी तिथे अमेरिकेत आणि इथे पुण्यात, दोन्हीकडे जवळून पाहिलाय, म्हणून लांबण लावते.

2008 ते 2010 आम्ही टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला होतो, नवऱ्याच्या कंपनीने पाठवलं म्हणून. तुम्ही वाचलंत ते बहुधा तिथल्याच टँडी हिल्सबद्दल असणार. शहराच्या मधोमध उंच इमारती आहेत, तिथून पूर्वेला गाडीने थोड्याच मिनिटांवर हे नैसर्गिक क्षेत्र आहे. साधारण 160 एकर, मालकी शहराची. जंगल बघायला म्हणून गेलात तर हिरमोड होईल. चुनखडीच्या उतारावर गुडघाभर गवत, मधूनच खुरटी झाडं, आणि वर उभं राहिलं की समोर त्या इमारतींची रांग. एप्रिलमध्ये मात्र रानफुलं अशी फुटतात की गाडीतून जाणारे थांबतात. मला पहिल्याच फेरीत वेताळ टेकडी आठवली: वर वीतभर माती, खाली खडक, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लेखी नुसती मोकळी पडलेली जागा. माळरानाच्या नशिबी हे कायमचंच आहे. दाट झाडं नाहीत म्हणजे तिथे काही नाही, आणि काही नाही म्हणजे काहीही करा. आपल्याकडे तर गवत ओसाड दिसतं म्हणून त्यावर बाहेरून आणलेलं गिरिपुष्प लावून ठेवलंय, आणि त्यालाच आपण वन म्हणतो. असो, तो वेगळा राग आहे.

फोर्ट वर्थच्या खाली सुमारे दोन किलोमीटरवर बार्नेट शेल नावाचा काळा, घट्ट गाळाचा खडक आहे. गॅस त्यात कोंडलेला. तो बाहेर काढायची युक्ती मिचेल एनर्जी या कंपनीने त्याच खडकावर, 1990 च्या दशकाच्या शेवटी जमवली: पाण्यात थोडी रसायनं आणि रेती मिसळायची आणि प्रचंड दाबाने आत सोडायचं. खडक तडकतो, रेती त्या भेगा मिटू देत नाही, गॅस वर येतो. त्याच्या जोडीला उभी विहीर खाली गेल्यावर आडवी वळवायचं तंत्र आलं, किलोमीटरभर किंवा जास्तच. त्यामुळे माळरानाखालचा गॅस काढायला माळरानावर पाऊल ठेवायची गरजच उरली नाही. शेजारच्या प्लॉटवर रिग, म्हणजे विहीर खोदायचं यंत्र, उभी केली की झालं. "आम्ही तुमच्या गवताच्या काडीलाही हात लावणार नाही" हे कंपन्यांचं म्हणणं अक्षरशः खरं असू शकतं, आणि तिथेच आंदोलन पहिल्यांदा अडखळतं. फलकावर "माळरान वाचवा" लिहिलेलं, आणि समोरचा म्हणतो, माळरानाला कुठे काय होतंय?

होतं ते आजूबाजूला. आपल्याकडे शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी आल्यावर काय होतं ते आठवा. कंप्रेसरचा आवाज, खिडक्यांवर भुकटी, कुत्री पिसाळल्यासारखी. आपली बोअर दोनशे-तीनशे फुटांची, दिवसा-दोन दिवसांत आटपते. तिथे सात हजार फूट खाली जायचं आणि मग आडवं, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे, दिव्यांच्या झगझगाटात. खडक फोडायला एका विहिरीला एक ते दोन कोटी लिटर पाणी. आपल्या 10 हजार लिटरच्या टँकरात मोजलं तर हजार ते दोन हजार टँकर, फक्त एका विहिरीसाठी. त्यातलं बरंचसं पाणी खारट आणि घाण होऊन परत वर येतं, ते दुसऱ्या एका खोल विहिरीत जिरवतात. आम्ही गेलो त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्या मोठ्या विमानतळाजवळ भूकंपाचे छोटे धक्के सुरू झाले. त्या भागाला भूकंपाची सवयच नव्हती. पुढे संशोधकांनी त्यांचा संबंध पाणी जिरवायच्या अशाच एका विहिरीशी असावा असं मांडलं. शेजाऱ्यांना ते अजब वाटलं. मला नाही वाटलं. पाणी आणि भूकंप यांचं नातं आपण 11 डिसेंबर 1967 पासून, कोयनेपासून, चर्चेत ऐकत आलोय.

मग एवढं सगळं असताना विरोध का अडखळला? शेजारणीमुळे.

टेक्सासमध्ये जमिनीखालचं खनिज खाजगी मालकीचं असू शकतं. वरची जागा एकाची आणि खालचा गॅस दुसऱ्याचा, असंही असतं. 2008 च्या उन्हाळ्यात गॅसचा घाऊक भाव तिथल्या मोजायच्या एककाला (दहा लाख बीटीयू) 13 डॉलरच्या आसपास गेला होता आणि कंपन्यांचे एजंट दारोदार हिंडत होते. नुसती सही केल्याबद्दल एकरी 20 हजार डॉलरच्या वर पैसे, पुढे गॅस निघाला की रॉयल्टी वेगळी. पाव एकराचा प्लॉट असला तरी पाचेक हजार डॉलर हातात. आमच्या बाजूला एक निवृत्त नर्स राहायची. मला रानफुलांची नावं तिनेच शिकवली, माळरानावर फिरायला तिनेच नेलं. तिच्या घराचं छप्पर गळत होतं. तिने सही केली.

चर्चच्या हॉलमध्ये वस्तीची बैठक झाली तेव्हा मी तावातावाने बोलले. नर्सबाई शांतपणे ऐकत होत्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "तुझं घर भाड्याचं आहे. विरोध करायला तुझं काय जातं?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीटसं सुचलेलं नाही. त्या बैठकीत विरोधात बोलणारे दोन प्रकारचे होते: आमच्यासारखे भाडेकरू, आणि ज्यांच्या जमिनीखालच्या खनिजाचा हक्क आधीच कुणी विकून टाकला होता असे. सह्या करणारे गप्प होते, पण संख्येने तेच जास्त. नगरपालिकेला ते दिसत होतंच. शेवटी शहराच्या नियमात भांडण एका आकड्यावर येऊन बसायचं, घरापासून विहीर किती फुटांवर. तिथे 600 फूट होतं, तेही सवलत मागून कमी करून घेता यायचं. विहिरी शहराच्या हद्दीत हजारावर झाल्या.

आणि मग भाव पडला. 2008 च्या शेवटापासूनच घसरगुंडी लागली आणि 2012 च्या एप्रिलमध्ये गॅस 2 डॉलरच्याही खाली आला. रिग दुसऱ्या भागांकडे निघून गेल्या. आंदोलकांना आवडणार नाही, पण मोर्चांपेक्षा बाजारानेच जास्त विहिरी थांबवल्या असं माझं मत आहे. मोर्च्यांनी वेळ खाल्ला, हे त्यांचं खरं काम. भाव चढा असताना जे दोन वर्षं लांबतं ते भाव उतरल्यावर आपोआप सुटतं. टँडी हिल्स आजही आहे. 2020 मध्ये तर शहराने लगतची ब्रॉडकास्ट हिल नावाची जागा विकत घेऊन संरक्षणात आणली.

तिथून तासाभराच्या आत डेंटन नावाचं गाव आहे, विद्यापीठाचं. तिथले लोक जास्त हट्टी. 4 नोव्हेंबर 2014 ला त्यांनी मतदान घेऊन गावाच्या हद्दीत खडक फोडायला बंदी घातली, सुमारे 59 टक्के मतांनी, तेही टेक्सासमध्ये! दुसऱ्याच दिवशी खटले दाखल झाले. मे 2015 मध्ये राज्याने कायदाच केला की असली बंदी घालायचा अधिकार गावांना नाही, आणि जूनमध्ये डेंटनला आपली बंदी स्वतःच्या हाताने मागे घ्यावी लागली. शेजारी पटवून झाले, मतं मिळाली, आणि निर्णय वरच्या मजल्यावर फिरला.

आपल्या देशात मांडणी उलटी. जमिनीखालचं तेल आणि गॅस सरकारचा, रॉयल्टी सरकारला. सातबारावर तुमचं नाव असलं तरी खालच्या गॅसचा पैसा तुम्हाला नाही. त्यामुळे गावात चेक येत नाही, आणि चेक येत नाही म्हणून गाव फुटत नाही. तमिळनाडूतलं नेडुवासल बघा. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथे हायड्रोकार्बन, म्हणजे तेल-गॅसच्या, प्रकल्पाविरुद्ध अख्खं गाव बसलं, बायका-पोरांसकट. 2020 मध्ये त्या राज्याने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित शेती क्षेत्र म्हणून कायद्यात घातला आणि नव्या तेल-गॅस विहिरींना दार बंद केलं. आधीपासून चालू होत्या त्या मात्र चालू राहिल्या. त्याच वर्षी आसामात बागजानला काय झालं तेही लक्षात ठेवा. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग बील या पाणथळीच्या शेजारची विहीर 27 मे ला उसळली, 9 जूनला पेटली, आग विझवणारे दोघे गेले, आणि ती पूर्ण आटोक्यात यायला 15 नोव्हेंबर उजाडला. तिथेही विहीर उद्यानाच्या आत नव्हती. शेजारी होती.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जानेवारी 2020 पासून आपल्याकडे तेल-गॅसच्या नुसत्या शोधासाठी केलेल्या ड्रिलिंगला पर्यावरण परवानगीच्या खालच्या वर्गात टाकलंय, म्हणजे त्यासाठी जनसुनावणी लागत नाही. लोकांना कळतं तेव्हा पहिलं भोक पाडून झालेलं असतं.

पुण्यात गॅस नाही, पण तुमचा खरा प्रश्न टेकडीचा आहे असं मी धरते. इथे लोकांना फोडणारा चेक म्हणजे वेळ. बालभारती ते पौड फाटा हा साधारण दोन किलोमीटरचा रस्ता वेताळ टेकडीच्या अंगावरून न्यायचा विषय कित्येक वर्षं चाललाय, पुढे त्यात बोगद्यांचीही भर पडली. 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळबाबा चौकातून मोर्चा निघाला, त्यात मीही होते, पाय दुखेपर्यंत चालले. आमचं म्हणणं: उताराच्या भेगाळ बेसाल्टमधून पाणी मुरतं, मोर आहेत, जूनमध्ये नवरंग पक्षी येतो, आणि एक रस्ता झाला की त्याला फाटे फुटतात. हे सगळं मी घरी, जेवणाच्या टेबलावर माझ्या दिरांना सांगितलं. ते कोथरूडहून रोज सेनापती बापट रस्त्याला कामावर जातात, नळ स्टॉप आणि लॉ कॉलेज रस्ता करत. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही रिटायर्ड आहात. मी रोज दीड तास गाडीत काढतो, तो मला कोण परत देणार?"

नर्सबाईंचंच वाक्य, मराठीत.

तिसरा चेक जमीनमालकांचा. 1997 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर साधारण 976 हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, म्हणजे बीडीपी, सुचवलं गेलं. त्यावर वर्षानुवर्षं घोळ चालला आणि राज्य सरकारची मंजुरी आली 2015 मध्ये. आपण हिरवळ वाचली म्हणून पेढे वाटले. पण त्या टेकड्यांचा बराच भाग खाजगी सातबाऱ्यांवर आहे आणि मोबदला म्हणून ठरला 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. खालच्या प्लॉटवर बारा मजले चढताना ज्याने पाहिलंय त्याला हे पटणार कसं? टेकडी शहराची आणि भुर्दंड माझा, असं तो म्हणतो, आणि मग एके दिवशी उतारावर पत्र्याची शेड उभी राहते. तिला आपण अतिक्रमण म्हणतो. आहेच ते. पण मोबदल्याचा प्रश्न आंदोलनाच्या पत्रकात मला क्वचितच दिसला.

तेव्हा उपयोग होतो का, याचं माझं उत्तर: होतो, पण आपण ज्याच्यासाठी घोषणा देतो त्याच्यासाठी बहुतेक वेळा नाही. वेळ मिळतो. नोंद राहते. त्या वेळेत शेजाऱ्याचा हिशेब हातात घेतला तर पुढचं जमतं.

नोंदीबद्दल एक स्वानुभव. आराखड्यात बदल करताना राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली जाहीर सूचना निघते आणि हरकती द्यायला महिनाभर मिळतो. अशाच एका सूचनेवर मी चार पानी, अगदी भावपूर्ण हरकत ईमेलने पाठवली. सुनावणीला गेले तर संबंधित कार्यालयात माझं नावच यादीत नाही. "मॅडम, आवक क्रमांक सांगा." आवक क्रमांक नव्हता. शेजारी बसलेल्या एका आजोबांची हरकत पाच ओळींची होती: सर्व्हे नंबर, उतार एकास पाचपेक्षा जास्त आहे, नियमात बसत नाही, सुनावणी हवी. खाली शिक्का मारलेली पोच. त्यांना दहा मिनिटं मिळाली, मी मागे उभी राहून ऐकलं. तेव्हापासून मी दोन प्रती नेते, एकीवर शिक्का घेते, आणि मोरांविषयी शेवटच्या ओळीत लिहिते.

शेजाऱ्याचा हिशेब हातात घ्यायचा म्हणजे काय, हे मला अजून शिकायचंय. नर्सबाईंना छपराचे पैसे मी देऊ शकत नव्हते. दिरांचे दीड तास मात्र या शहरात दुसऱ्या वाटेने वाचवता येतील, बसच्या फेऱ्या वाढवून, चौक सुधारून, मेट्रोपर्यंत पोहोचायची सोय करून, असं मला वाटतं. त्यांना वाटत नाही. बस पंधरा मिनिटं आली नाही की ते मला स्टॉपवरून फोटो पाठवतात, खाली काही न लिहिता.

गेल्या जूनमध्ये त्यांना पहाटे टेकडीवर नेलं, नवरंग दाखवते म्हणून. पक्षी दिसला नाही, नुसता आवाज आला, दोन सुरांची शिट्टी, दोनदा. दिर बराच वेळ झाडीकडे बघत उभे होते. मग घड्याळ बघितलं आणि आम्ही उतरलो. सव्वानऊला लॉ कॉलेज रस्त्यावर अडकलो ते चाळीस मिनिटं. दोघंही काही बोललो नाही.